छत्तीस माणसे, एकशे नऊ तास : मराठीवरील दोन प्रयोगांचे परीक्षण

संगणकाला मराठी अक्षर ओळखता यावे किंवा मराठी बोलणे ऐकून लिहून घेता यावे, यासाठी आधी कोणा माणसाला ते अक्षर वाचून दाखवावे लागते, ते वाक्य बोलून दाखवावे लागते. हे काम कोण करतो? त्याला त्याचे काय मिळते? आणि यंत्र शिकून तयार झाले, की त्या माणसाच्या कामाचे काय होते? कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी वर्तमानपत्रांत रोज काही ना काही येत असते. पण हे तीन प्रश्न त्यात क्वचितच विचारलेले दिसतात. मराठी भाषेच्या बाबतीत हे प्रश्न प्रत्यक्ष प्रयोगातून तपासणारे दोन संशोधन-निबंध २०१९ आणि २०२० साली प्रसिद्ध झाले. दोन्ही चांगले आहेत, प्रामाणिक आहेत, आणि दोन्हींमध्ये काही जागा रिकाम्या आहेत. विज्ञानाच्या शिक्षकांना या दोन्ही बाजू पाहणे उपयोगाचे वाटेल, म्हणून हे परीक्षण.

दोन निबंध

पहिला निबंध मनू चोप्रा, इंद्राणी मेढी-थीस, विवेक शेषाद्री आणि त्यांचे सहकारी यांचा. संगणकावर पैसे देऊन छोटी छोटी कामे करून घेण्याची पद्धत तोपर्यंत जगभर रूढ झाली होती. पण ती कामे करणारी माणसे बहुधा इंग्रजी जाणणारी आणि संगणकाला सरावलेली असत. ज्यांना फक्त आपली भाषा लिहिता-वाचता येते, ज्यांच्या हाती मोबाइल नुकताच आला आहे, अशी ग्रामीण भागातील माणसे हे काम करू शकतील का, असा लेखकांचा प्रश्न होता. हाताने लिहिलेले मराठी आणि हिंदी शब्द मोबाइलच्या पडद्यावर दाखवायचे आणि ते पाहून टंकलिखित करून घ्यायचे, असा दोन आठवड्यांचा प्रयोग त्यांनी केला. स्वस्तातल्या मोबाइलवर सहभागी व्यक्तींनी ९६.७ टक्के शब्द अचूक उतरवले. अशा माणसांकडून करून घेतलेले काम व्यावसायिक संस्थेच्या कामाच्या तोडीचे ठरते, असा निष्कर्ष लेखकांनी काढला. लोकांचा उत्साह इतका होता, की कामाच्या वेळेवर मर्यादा घालावी, अशी शिफारसही त्यांनी केली.

दुसरा निबंध २०२० चा. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया आणि मुंबईची आय. आय. टी. येथील संशोधकांचा त्यात सहभाग होता. येथे काम होते बोलण्याचे. तीन गट घेतले होते : ग्रामीण भागातील कमी उत्पन्नाचे लोक, शहरातील कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठीय विद्यार्थी. एकूण ३६ व्यक्तींकडून १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण जमा झाले. कमी उत्पन्न गटाचे ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांच्या ध्वनिमुद्रणाइतकेच चांगले निघाले. म्हणजे असे काम नेहमी ज्यांना दिले जाते त्यांच्याऐवजी ते गरजू माणसांना देता येईल, आणि त्यातून त्यांना पूरक उत्पन्नही मिळेल, हे लेखकांनी दाखवून दिले.

याच प्रयत्नातून पुढे २०२१ साली 'कार्य' ही ना-नफा संस्था बंगळूरला सुरू झाली. तिच्याविषयी पुढे येईलच.

मोठ्या कामाचे लहान तुकडे

या कामाची रीत नवी वाटली, तरी तिचे मूळ जुने आहे. फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात गास्पार द प्रोनी यांच्यावर लॉगॅरिथमची आणि त्रिकोणमितीची प्रचंड कोष्टके तयार करण्याची जबाबदारी आली. त्यांनी कामाचे तीन थर पाडले. वर थोडे गणिती, मध्ये काही हिशोबनीस, आणि सर्वांत खाली फक्त बेरीज-वजाबाकी येणारी बरीच माणसे. खालच्या थरातील माणसाला लॉगॅरिथम म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरजच नव्हती. चार्ल्स बॅबेज यांनी १८३२ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीचे कौतुकाने वर्णन केले आहे. बॅबेज यांच्या विचारातला पुढचा टप्पा सरळ होता : काम नुसत्या बेरीज-वजाबाकीपर्यंत उतरले असेल, तर ते माणसानेच का करावे? यंत्र का नको?

हा मुद्दा नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. बुद्धीचे काम जितके बारीक तुकड्यांत मोडावे, तितके ते कमी शिकलेल्या माणसाला देता येते. आणि जितके ते असे देता येते, तितके ते यंत्राला देण्याच्या जवळ सरकते. एकाच पायरीचे हे दोन गुण आहेत. अमेझॉन कंपनीने २००५ साली छोट्या कामांचा ऑनलाइन बाजार उघडला आणि त्याला 'मेकॅनिकल टर्क' हे नाव दिले. फोन केंपेलेन याने १७७० साली बुद्धिबळ खेळणारे एक 'यंत्र' दाखवून युरोपला थक्क केले होते. त्या यंत्राच्या पेटीत प्रत्यक्षात एक माणूस दडलेला असे. नाव मोठ्या मार्मिकपणे निवडले आहे. यंत्र हुशार दिसावे म्हणून आत माणसे बसवायची. 'इमेजनेट' हा चित्रांचा सुप्रसिद्ध संच २००९ साली प्रकाशात आला, तो याच बाजारातील, १६७ देशांत विखुरलेल्या सुमारे ४९,००० माणसांनी चित्रांना नावे दिल्यामुळे. त्या संचावर शिकलेली यंत्रे पुढे चित्रे स्वतःच ओळखू लागली.

आपले दोन निबंध याच साखळीतले आहेत. हस्ताक्षर उतरवणे आणि वाक्य बोलून दाखवणे ही दोन्ही कामे अशी आहेत, की ती पुरेशी झाली, म्हणजे यंत्र ती शिकते.

९६.७ म्हणजे किती?

टक्केवारी वाचून समाधान मानण्याची सवय आपल्याला विद्यार्थ्यांमध्ये मोडायची असते. येथे ती संधी आहे. ९६.७ टक्के अचूकता म्हणजे १०० मध्ये ३.३ शब्द चुकीचे. ३०० शब्दांचे एक पान घेतले, तर सुमारे १० शब्द चुकतील. गोष्टीच्या पुस्तकात हे चालेल. पण तेच पान जमिनीच्या जुन्या नोंदीचे असेल, आणि चुकलेल्या १० शब्दांत एक आडनाव किंवा एक गट क्रमांक असेल, तर कज्जा उभा राहील.

यावर उपाय आहे. तोच शब्द दोन माणसांना वेगवेगळा द्यायचा. १०,००० शब्द घेऊ. दोघेही बरोबर असण्याची शक्यता ०.९६७ चा वर्ग, म्हणजे सुमारे ९,३५१ शब्द. दोघांपैकी एकच चुकेल असे सुमारे ६३८ शब्द. दोघेही चुकतील असे फक्त ११. जेथे दोघांची उत्तरे जुळत नाहीत तेवढेच शब्द तिसऱ्याकडे पाठवायचे. चुका ३३० वरून एकदम खाली येतात. शिवाय त्या ११ शब्दांतही दोघांनी एकच चूक केली असेल तरच ती निसटेल. नववी-दहावीच्या मुलांना संभाव्यतेचा गुणाकार शिकवताना याहून चांगले उदाहरण सहसा मिळणार नाही.

मात्र या हिशोबात एक गृहीतक दडले आहे, आणि परीक्षकाने तेच पकडले पाहिजे. दोघांच्या चुका एकमेकांशी संबंध नसलेल्या आहेत असे आपण धरले. प्रत्यक्षात तसे नसते. लिहिणाऱ्याने 'घ' आणि 'ध' सारखेच काढले असतील, 'भ' आणि 'म' यांत फरक ठेवला नसेल, तर पहिला जेथे फसेल तेथेच दुसराही फसेल, आणि तिसराही. फाटलेला कागद, पुसट शाई, अनोळखी गावाचे नाव, या ठिकाणी सगळेच एका दिशेने चुकतात. अशा वेळी माणसांची संख्या वाढवून फारसे साधत नाही. तेथे त्या गावाची, त्या नावांची माहिती असलेला माणूस लागतो. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या दप्तरांसाठी मोडीच्या जाणकारांची किती निकड भासली, हे आपण पाहिले आहे. ते काम कामाचे तुकडे करून कोणालाही देण्यासारखे नव्हते.

वाचलेली मराठी आणि बोललेली मराठी

दुसऱ्या निबंधावर आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. शहरी, सुशिक्षित माणसांची बोली सामान्य माणसांच्या बोलीपेक्षा निराळी असते, म्हणून ध्वनिमुद्रण सामान्य माणसांकडून घ्यावे, हे लेखकांचे म्हणणे अगदी रास्त आहे. पण ते घेण्याची रीत कोणती? पडद्यावर वाक्य दाखवायचे आणि ते वाचून घ्यायचे. या रीतीचा फायदा उघड आहे : आवाजाबरोबर त्याचा मजकूरही आयता मिळतो, वेगळे लिहून घ्यावे लागत नाही. तोटाही तितकाच मोठा आहे.

महाड तालुक्यातील तुडीलचे उदाहरण घेऊन पाहू. सावित्रीच्या खाडीपट्ट्यातले हे गाव. याच सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आहे, आणि त्या नावाची 'बाणकोटी' बोली ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, स्वतंत्रपणे नोंदली आहे. या पट्ट्यात घरातले बोलणे आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर आहे. घरात 'पानी' म्हणणारी मुले वर्गात धडा वाचताना 'पाणी' वाचतात. तुम्हीच त्यांना तसे शिकवलेले असते. 'थोडेसे' या अर्थी कोकणात 'वाईच' म्हणतात. वडिलांना 'बापूस' म्हणतात. पडद्यावर 'थोडे पाणी दे' असे आले, तर तुडीलचा माणूस ते तसेच वाचील. 'वाईच पानी दे' हे त्याचे स्वतःचे वाक्य यंत्राच्या कानी कधी पडणारच नाही. यंत्र त्याचा आवाज शिकेल, त्याचा हेल शिकेल. त्याची भाषा शिकणार नाही. आणि ज्यांना वाचता येत नाही, अशा वृद्ध बायका, ज्यांच्या तोंडी ही बोली सर्वांत शुद्ध राहिली आहे, त्या तर या कामातून आधीच वगळल्या गेल्या.

ग्रियर्सन यांच्यासमोरही हीच अडचण होती. त्यांनी उधळ्या पुत्राची बायबलमधली गोष्ट सगळीकडे स्थानिक बोलीत उतरवून घेतली. पण ती एक गोष्ट पुरेशी नाही हे ओळखून त्या त्या ठिकाणच्या लोकांचे स्वतःचे कथन, गाणी, लोककथाही मागवल्या. शंभर वर्षांनंतरच्या प्रयोगाने हा धडा गिरवायला हरकत नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे जे सर्वेक्षण चालवले, त्यात माणसांना बोलते करण्यावर भर आहे. चेन्नईच्या आय. आय. टी.मधील 'एआय-फोर-भारत' गटाने २०२४ मध्ये २२ भाषांचा जो ध्वनिसंच मांडला, त्यातील ७,३४८ तासांपैकी केवळ ९ टक्के ध्वनिमुद्रण वाचनाचे आहे. ७४ टक्के उत्स्फूर्त बोलणे आहे आणि उरलेला भाग संभाषण. म्हणजे हा दोष पुढे इतरांच्या ध्यानात आला आणि तो दूर करण्याची रीतही सापडली. फक्त ती महाग आहे, कारण उत्स्फूर्त बोलणे ऐकून कोणाला तरी लिहून काढावे लागते. त्या संचातील १,६३९ तासच तोपर्यंत लिहून झाले होते. बोली जाणणाऱ्या माणसाचे काम संपलेले नाही, हे या आकड्यावरून दिसते.

यंत्र मध्ये आल्यावर

हे दोन निबंध लिहिले गेले तेव्हा प्रश्न होता : माणूस हे काम करू शकेल का? आज प्रश्न उलटा झाला आहे. हे काम माणसाकडे राहील का?

सप्टेंबर २०२२ मध्ये ओपन-एआय कंपनीने बोलणे ऐकून लिहिणारी 'व्हिस्पर' ही प्रणाली जाहीर केली. ती इंटरनेटवरून गोळा केलेल्या ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकली होती. आपले १०९ तास तिच्यापुढे सहा हजारांत एक इतके. त्यात मराठीचा वाटा अगदी थोडा होता, त्यामुळे मराठीत ती पुष्कळ चुकत असे; पण दिशा स्पष्ट झाली. २०२३ मध्ये झुरिक विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की इंग्रजी मजकुरांचे वर्गीकरण करण्याच्या काही कामांत चॅट-जीपीटी हा 'मेकॅनिकल टर्क'वरील माणसांपेक्षा अधिक अचूक ठरतो, आणि खर्च सुमारे तिसाव्या भागाइतका येतो. हा निष्कर्ष इंग्रजीचा आहे, तो मराठीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण असे काम देणारा उद्योजक तेवढा धीर धरीलच असे नाही.

काम एकदम नाहीसे होते असे मात्र नाही. त्याचे रूप बदलते. हस्ताक्षराचेच उदाहरण घेऊ. पूर्वी १०,००० शब्द माणसांकडे जात. आता समजा ते आधी यंत्र वाचते, ९,००० शब्दांविषयी त्याला खात्री वाटते आणि उरलेले १,००० ते माणसाकडे पाठवते. (हे आकडे केवळ समजण्यापुरते धरले आहेत.) माणसाचे काम दहाव्या भागावर आले. पण हा दहावा भाग सर्वांत कठीण शब्दांचा आहे. त्याला वेळ जास्त लागेल, चुका जास्त होतील, आणि मोबदला जर शब्दागणिक असेल, तर तासाची मिळकत घटेल. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्या ९,००० शब्दांविषयी यंत्राला खात्री आहे, त्यांतले १ टक्का जरी चुकलेले असले, तरी ९० चुका कोणाच्याही नजरेखालून जाणार नाहीत. दोन माणसांच्या पद्धतीत अशा चुका ११ होत्या. यंत्र आणल्याने काम स्वस्त झाले आणि चुका शांतपणे वाढल्या, असे होऊ शकते. ते होते की नाही हे मोजल्याखेरीज कळत नाही, आणि मोजण्यासाठी पुन्हा माणूसच लागतो.

दुसरी गंमत अशी, की काम करणारी माणसेही यंत्र वापरू लागली आहेत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०२३ मध्ये 'मेकॅनिकल टर्क'वर वैद्यकीय निबंधांच्या सारांशांचा आणखी संक्षेप करण्याचे काम दिले. ३३ ते ४६ टक्के माणसांनी ते यंत्राकडून करून घेतले असावे, असा त्यांचा अंदाज आहे. नमुना ४४ जणांचाच होता, म्हणून आकडा सावधपणे घ्यावा. पण परिणाम विचार करण्यासारखा आहे. माणसाचे म्हणून विकत घेतलेले लिखाण यंत्राचे निघते, आणि त्यावर पुढचे यंत्र शिकते. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढत गेले, म्हणजे अक्षर पुसट होत जाते. तसेच यंत्राच्या लिखाणावर वारंवार शिकवलेले यंत्र बिघडत जाते, असे २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. त्यातही आधी नाहीसे होते ते दुर्मीळ, क्वचित येणारे. मराठीपुरते बोलायचे तर 'वाईच' आणि 'बापूस' आधी जातील, 'थोडे' आणि 'वडील' राहतील.

पैशाचा हिशोब

दोन्ही निबंध उत्पन्नाविषयी बोलतात, म्हणून तो हिशोबही मांडला पाहिजे. 'कार्य' संस्था तासाला किमान ५ डॉलर देते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हाच्या दराने ४०० रुपयांहून थोडे अधिक. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २७३ रुपये होता. म्हणजे एका तासाच्या बोलण्याचे पैसे दिवसभर माती उचलण्यापेक्षा जास्त. शिवाय जमा झालेली माहिती पुढे पुन्हा विकली गेली, तर त्यातला वाटा बोलणाऱ्याला देण्याचे धोरण या संस्थेने ठेवले आहे. त्याच सुमारास केनियातील कामगारांना ओपन-एआयसाठी किळसवाणा मजकूर वाचून वेगळा काढण्याच्या कामाचे तासाला २ डॉलरहून कमी मिळत होते, हे जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम'ने उघडकीस आणले. त्या तुलनेत ही वागणूक निश्चितच न्यायाची आहे.

पण दर आणि उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १०९ तासांना ३६ ने भागले, तर माणशी सुमारे ३ तास येतात. एक तास स्वच्छ ध्वनिमुद्रणासाठी दोन तास बसावे लागते असे धरले, तर ६ तास. ४१० रुपयांच्या दराने २,४६० रुपये. (हे त्या अभ्यासातील मानधन नव्हे, कल्पना यावी म्हणून २०२३ चा दर लावला आहे.) ही रक्कम खाडीपट्ट्यातील घराला नको असेल असे नाही. भाताचे एकच पीक, लावणी आणि कापणी सोडता हाताला काम कमी, म्हणून तर येथला माणूस मुंबईला चाकरी शोधत गेला. पण ही रक्कम एकदाच मिळणारी आहे. त्याच माणसाचा तोच आवाज यंत्राला पुन्हा पुन्हा नको असतो. त्याला नवे आवाज हवे असतात. 'कार्य'नेही माणशी कमाईला १,५०० डॉलरची मर्यादा घातली होती आणि त्यानंतर दुसऱ्याला संधी द्यायची असे ठरवले होते. हे धोरण समंजस आहे. पण त्यातूनच सिद्ध होते, की हा रोजगार नव्हे. ही बिदागी आहे.

नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशात २०२०-२१ मध्ये अशा ऑनलाइन मंचांवर व तत्सम कामांत ७७ लाख लोक होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. त्यांतले पुष्कळ गाडी चालवणारे, वस्तू पोचवणारे आहेत. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने अशा कामगारांची व्याख्या केली. रस्त्यावरचा कामगार निदान डोळ्यांना दिसतो. घरात बसून मोबाइलवर वाक्ये वाचणारा माणूस मोजणीत कसा येणार, हा प्रश्न अजून नीट हाताळला गेलेला नाही.

निर्णय

या दोन निबंधांनी एक मोठा गैरसमज खोडला : इंग्रजी न येणारा, कमी शिकलेला खेड्यातला माणूस संगणकाच्या जगात फक्त घेणारा असतो, देणारा नसतो, हा तो गैरसमज. मोजून, आकड्यांनिशी त्यांनी तो खोडला, याचे श्रेय दिले पाहिजे. निष्कर्ष नमुन्याच्या मर्यादेत ठेवले, लोकांच्या अति-उत्साहाबद्दल सावध केले, हेही चांगले.

उणिवा तीन. पहिली, वाचलेल्या भाषेला बोलीचा प्रतिनिधी मानले. दुसरी, दोन आठवड्यांच्या उत्साहावरून फार पुढचे अनुमान काढता येत नाही. नवे काम, नवा मोबाइल, हातात लगेच येणारे पैसे, आणि आपल्याकडे लक्ष देणारे संशोधक, यांमुळे कोणीही पहिले काही दिवस उत्साहाने काम करील. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, या कामाचा शेवट कोठे होतो याचा विचार निबंधांत नाही. जे काम पुरे झाले की संपणार, त्याला उपजीविकेच्या भाषेत मांडताना एवढे तरी म्हणायला हवे होते, की ते संपणारे आहे.

वर्गात काय करता येईल?

एक : एका जुन्या हस्तलिखित पत्राचे किंवा वहीचे पान घ्या. प्रत्येक मुलाने ते स्वतंत्रपणे उतरवावे. प्रत्येकाची चुकांची टक्केवारी काढा. मग जोड्या लावून दोघांच्याही चुकलेल्या शब्दांची संख्या मोजा आणि ती गुणाकाराने येणाऱ्या संख्येशी ताडून पहा. मोजलेली संख्या बहुधा जास्त येईल. का, हे मुलांनीच शोधावे.

दोन : घरातील आजी-आजोबांचे पाच मिनिटांचे बोलणे, त्यांची परवानगी घेऊन, मोबाइलवर मुद्रित करा. मोबाइलमधील श्रुतलेखनाची सोय वापरून यंत्र काय लिहिते ते पहा. तोच मजकूर मुलाने पुस्तकी मराठीत वाचून पुन्हा लिहवून घ्यावा. दोन्हींतील चुका मोजा. कोणते शब्द यंत्राने 'सुधारले' त्यांची यादी करा. ती यादी म्हणजे तुमच्या गावच्या बोलीचा एक छोटा कोशच होईल.

तीन : वरच्या वर्गातील मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. काम देणारा कामाआधी पैसे मागत नाही. 'घरबसल्या टायपिंग'च्या नावाखाली नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारे, आणि नंतर कराराचा भंग केला म्हणून नोटिशीची धमकी देणारे, फसवे असतात. अशी फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते.

शेवटी संशोधकांकडे एक मागणी. प्रयोगात भाग घेतलेल्या माणसांकडे काही वर्षांनी परत जावे. त्यांच्यापैकी किती जणांना नंतर असे काम मिळाले, कोणाला त्यातून दुसरे काही कौशल्य आले, आणि त्यांच्या आवाजावर शिकलेले यंत्र त्यांचे स्वतःचे बोलणे कितपत समजते, हे मोजावे. पहिल्या दोन निबंधांइतक्याच काळजीने लिहिलेला तो तिसरा निबंध आम्ही जास्त उत्सुकतेने वाचू.